बाळाच्या मनगट्या: मणी पारखण्यापासून उतरवून ठेवण्यापर्यंत

बारशाच्या आदल्या दिवशी घाईघाईने मनगट्या आणल्या जातात. पाकिटातून काढायच्या, देवापुढे ठेवायच्या आणि बाळाच्या हातात घालायच्या. मग त्या चार-सहा महिने तिथेच राहतात, मालिशीत, आंघोळीत, दुपट्यात, झोपेत. मीही माझ्या मुलाच्या वेळी हेच केलं. चौथ्या महिन्यात एका पहाटे पाळण्यात काळे मणी विखुरलेले दिसले. आजेसासूबाई म्हणाल्या, "बरं झालं गं, त्याच्यावरचं मण्यावर गेलं." मला मात्र एकच प्रश्न पडला होता, मनगटीत मणी होते तरी किती? मी ते कधी मोजलेच नव्हते. गादी उसवली, दुपटी झटकली, शेवटी बाळाला घेऊन दवाखाना गाठला. एक्स-रेत काही निघालं नाही, पण ती सकाळ मी विसरलेले नाही.

त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बाळांच्या मनगट्या मीच ओवते. चुका बहुतेक घरी त्याच होतात आणि त्या बहुधा क्रमाच्या असतात. म्हणून इथे क्रमाने लिहिते.

## १. आधी ठरवा: मणी की नुसती पट्टी

बालरोगतज्ज्ञ लहान बाळाच्या अंगावर मण्यांचा दागिना घालू नका असंच सांगतात. त्याचं कारण साधं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक मापाची नळी वापरतात, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. मनगटीतला मोठ्यात मोठा मणीही त्या नळीत आरामात जातो. त्यामुळे "मोठे मणी घेतले की भीती नाही" हा समज मनातून काढून टाका.

मी पाळते आणि इतरांना सांगते तो नियम असा: मण्यांची मनगटी बाळ जागं असताना, मोठ्या माणसाच्या मांडीवर किंवा हाताच्या अंतरावर असतानाच घालायची. बारसं, बोरन्हाण, देवदर्शन, पाहुण्यांची गर्दी एवढ्यापुरतीच. बाळ पाळणाघरात जात असेल किंवा घरात मणी ओढणारं दुसरं लहान मूल असेल, तर मणी नकोतच. काळ्या सुती दोऱ्याची बोटभर रुंद वेणी विणा, तिच्या टोकांना कापडी पट्टी आणि टिचबटण शिवा. काळा रंग तोच, मण्याची भीती नाही. परदेशातली पुष्कळ पाळणाघरं कुठलाही दागिना चालू देत नाहीत. तिथल्या घरांसाठी तर हाच मार्ग ठीक.

झोपेत मनगटी काढायला आज्या तयार होत नाहीत. त्यांना मी त्यांच्याच समजुतीतून सांगते. काळा मणी कशासाठी? पाहणाऱ्याची पहिली नजर बाळाच्या रूपावर न पडता मण्यावर पडावी म्हणून. म्हणजे मणी चारचौघांत दिसायला हवा. दुपट्यात गुंडाळलेल्या हातातला मणी कोण पाहणार? झोपलेल्या बाळाकडे टक लावून पाहू नये, आईचीसुद्धा दृष्ट लागते, असंही आपल्याकडे म्हणतात. त्यासाठी तीट आहेच. ती झोपेतही राहते आणि घशात जात नाही. हे म्हणणं आजवर बहुतेक आज्यांना पटलं आहे.

सावध: गळ्यात काहीच नको. दृष्टमणी, ताईत, काळी पोत, दात येताना घालतात ती अंबरची माळ, यातलं काहीही नको. अमेरिकेत दीड वर्षाच्या एका बाळाचा दुपारच्या झोपेत अशा अंबरच्या माळेने गळा आवळला गेला. त्यानंतर डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने पालकांना जाहीर इशारा दिला.

## २. मणी पारखून घ्या

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. दुकानात सगळे काळे मणी सारखेच दिसतात.

काचेचे मणी मला सगळ्यांत बरे वाटतात. रंग काचेतच असतो, सुटत नाही. शिवाय गिळला गेलाच तर काच एक्स-रेत दिसते, प्लास्टिक बहुधा दिसत नाही. पाच-सहा मिलिमीटरचा मणी घ्या. अगदी बारीक पोतीचे मणी नकोत, ते शोधायला आणि मोजायला अवघड जातात.

घरी आणल्यावर प्रत्येक मणी तीन प्रकारे तपासा. एक, पांढरा ओला रुमाल घेऊन मणी जोरात चोळा. डाग पडला तर वरून रंग दिलेला आहे, फेकून द्या. दोन, नखाने खरवडा. पापुद्रा निघाला तर तोही बाद. तीन, भोकातून दोरा ओवून दहा-बारा वेळा मागेपुढे ओढा. दोरा पिंजला तर भोकाची कड धारदार आहे. मनगट्या तुटतात त्या बहुतेक वेळा अशा कडेमुळे. दोष दोऱ्यावर जातो आणि पुढच्या वेळी जाड दोरा घेऊन तेच मणी पुन्हा ओवले जातात.

सोनेरी-चंदेरी बारीक मणी, म्हणजे काळ्या मण्यांच्या मधे घालतात ते. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते इथे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नऊ महिन्यांच्या एका मुलीच्या रक्तात शिसं सापडलं, एका डेसिलिटरमध्ये ४१ मायक्रोग्रॅम. तिच्या हातात जत्रेतून घेतलेली, हाताने बनवलेली मनगटी होती आणि ती अधूनमधून ती चघळत असे. मनगटीतल्या धातूच्या बारीक मण्यांमध्ये शिशाचं प्रमाण दहा लाखांत १७,००० भाग निघालं. तिथे मुलांच्या वस्तूंना मर्यादा आहे १०० भागांची. शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्याची चव किंवा वासही कळत नाही. म्हणून धातूचा मणी घालायचा तर खऱ्या सोन्याचा किंवा चांदीचा, नाहीतर घालूच नका. गिलिटाचे, पॉलिशचे, "सोन्यासारखे" मणी बाळासाठी कितीही गोड दिसोत, नको.

सोन्याचे सुटे मणी घेताना हॉलमार्क शोधत बसलात तर सापडणार नाही. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही आणि एवढासा मणी त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणून ओळखीच्या सराफाकडून घ्या आणि पक्क्या बिलावर शुद्धता लिहून घ्या. मणी भरीव आहे, पोकळ आहे की आत लाख आहे, हेही तिथेच विचारा. पुढे धुताना हे उत्तर लागणार आहे.

पोवळं आणि मोती आंबटाने विरतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचा स्पर्शही नको. वेखंडाचा तुकडा ओवायची रीत काही घरांत आहे. तो ओला झाला की फुगतो, चघळला की त्याचे धागे सुटतात. मी ओवत नाही. निळा तुर्की डोळा हल्ली मनगट्यांत दिसतो. तो काचेचाच, पण चपटा असतो आणि आपटला की कडेला कपचा उडतो. मोठ्यांच्या हातात शोभतो, बाळाच्या नको.

तपासा: मनगटीत किंवा तिच्या फाशात लोहचुंबक नाही ना? दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. चुंबकी फासा असलेला दागिना बाळ असलेल्या घरात ठेवूच नका.

## ३. ओवण्याआधी धुवा

बहुतेक जण आधी ओवतात आणि मग अख्खी मनगटी उकळत्या पाण्यात टाकतात. दोन्ही चूक. ओवल्यावर मण्यांच्या भोकांत पाणी साचून राहतं. उकळत्या पाण्यात लाखेचा मणी आतून मऊ पडतो, त्याचा सोन्याचा पत्रा चेपतो.

मणी सुटे असतानाच कोमट पाण्यात बाळाच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि मऊ ब्रशने घासा. लाखेचे मणी भिजत ठेवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. मग गाळणीत घेऊन साध्या पाण्याने खळखळून धुवा. गाळणीशिवाय बेसिनवर धुतलेला निदान एक मणी मोरीत जातोच. सुती पंचावर पसरून रात्रभर वाळू द्या.

## ४. माप दोऱ्याने घेऊ नका

दोऱ्याने माप घेताना तो बाळाच्या मऊ मनगटात रुततो आणि माप कमी भरतं. बोटभर रुंद कागदाची पट्टी घ्या. बाळ दूध पिऊन शांत असताना ती मनगटाभोवती गुंडाळा आणि पट्टीखाली तुमची करंगळी सहज फिरेल एवढी सैल ठेवून खूण करा. करंगळी जावी, अंगठा जाऊ नये. अंगठा जाईल एवढी सैल मनगटी पंज्यावर येते आणि तिथून थेट तोंडात.

दोन्ही हातांचं माप घ्या.

## ५. ओवणं: मधे मधे गाठ

लागणारं सामान: मणी, नायलॉनचा विणलेला काळा दोरा, बारीक सुई, एक सेंटिमीटर रुंद सुती पट्टी, टिचबटणं, कात्री आणि एक ताट. ताटात नॅपकीन अंथरा, मणी घरंगळत नाहीत.

रबरी दोरा घेऊ नका. बाजारातल्या तयार मनगट्या बहुतेक रबरावर असतात, कारण त्या कुठल्याही हातात बसतात. पण मालिशीच्या तेलाने रबर सैल होतं आणि एक दिवस पुढचा-मागचा काही इशारा न देता तुटतं. सगळे मणी एका झटक्यात उडतात. माझ्या मुलाची मनगटी रबराचीच होती.

मणी अख्ख्या मनगटाभोवती नकोत. वरच्या बाजूला, पाहणाऱ्याला दिसतील तिथे, सात किंवा नऊ पुरेत. आतल्या बाजूला, नाडीपाशी, मऊ पट्टी. मणी थोडे असले की एका नजरेत मोजता येतात.

१. मण्यांची ओळ जेवढी लांब हवी त्याच्या पाचपट दोरा घ्या. गाठी दोरा खातात.

२. दोऱ्याचं एक टोक सुती पट्टीच्या घडीत सहा-सात टाके घालून पक्कं शिवा.

३. एक मणी ओवा. लगेच एक सैल गाठ घ्या. गाठीच्या फाशात सुईचं टोक घालून गाठ मण्याला खेटेपर्यंत सरकवा, दोरा ओढा, मग सुई काढा.

४. प्रत्येक मण्यानंतर हेच करा. वेळ लागतो. पण दोरा कुठेही तुटला तरी फार तर एक-दोन मणी सुटतात, सगळी माळ सांडत नाही. पटवेकऱ्याकडून गाठवून घेणार असाल तर "प्रत्येक मण्यामागे गाठ हवी" हे आधीच सांगा, नाहीतर नेहमीच्या पद्धतीने सलग ओवून मिळते.

५. शेवटचं टोक दुसऱ्या पट्टीच्या घडीत शिवा. नायलॉनचं टोक मेणबत्तीवर वितळवायची सवय असेल तर जपून, वितळलेलं टोक काट्यासारखं टोचतं. ते घडीच्या आतच राहायला हवं.

६. पट्टीच्या एका टोकाला टिचबटणाची एक बाजू आणि दुसऱ्या टोकाला सेंटिमीटरभर अंतरावर दुसरी बाजू दोनदा शिवा. बाळ वाढलं की पुढच्या बटणावर जाता येतं. बटणाच्या प्रत्येक भोकातून पाच-सहा टाके घ्या. बटणही मण्याएवढंच धोक्याचं असतं.

सावध: हूक, आकडा, साखळीची कडी नको. बाळ तोच हात डोळ्यावर घासतं. गोंडाही नको. गोंड्याचा सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला तर रक्त अडतं आणि बाळ का रडतंय हे पटकन कळतही नाही.

## ६. हातात घालण्याआधी ओढून पाहा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

मनगटीचं एक टोक दाराच्या कडीला नाडीने बांधा, दुसऱ्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी अडकवा. पिशवी हळूच सोडा आणि दहापर्यंत आकडे मोजा. युरोपात खेळण्यांचे बारीक भाग निघतात का ते साधारण एवढाच ताण देऊन पाहतात. दोरा तुटला, गाठ सरकली, शिवण उसवली तर मनगटी बाद. पुन्हा ओवा. मग प्रत्येक मणी आणि प्रत्येक बटण चिमटीत धरून ओढून, पिरगळून पाहा.

आता टिचबटण लावा आणि दोन बोटांनी मनगटी ओढा. बटण पटकन सुटायला हवं. मणी दोऱ्यातून सुटता कामा नये, पण मनगटी पाळण्याच्या दोरीत किंवा कुणाच्या बांगडीत अडकली तर हातातून सुटून यायला हवी. बटण फार घट्ट असेल तर दुसरं लावा.

तपासा: मणी मोजा. आकडा चिठ्ठीवर लिहा: "उजवी ७, डावी ७, बटणं ३-३." चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा तोंडपाठ हवा.

## ७. घालणं आणि उतरवणं

आधी मालिश, मग आंघोळ, मग अंग कोरडं करणं, मग कपडे. मनगटी सगळ्यांत शेवटी. तेल आणि डाळीचं पीठ मण्यांच्या फटीत बसतं, आंघोळीने भिजतं, दिवसभर ओलसर राहतं आणि मनगटाच्या वळीत लाल चट्टा उठतो. मग घरात चर्चा होते ती दृष्टीची. घालताना मनगटाची वळी उघडून आतपर्यंत कोरडी आहे का ते पाहा. पावडर टाकून कोरडी करू नका, पंचाने टिपा.

दर वेळी घालताना मणी मोजायचे, उतरवताना मोजायचे. सात मण्यांना तीन सेकंद लागतात.

उतरवल्यावर कातडीवर वळ दिसतो का ते पाहा. पाच-दहा मिनिटांत गेला तर ठीक. राहिला, किंवा हात फुगीर वाटला, तर पुढच्या बटणावर जा. पहिल्या वर्षात माप दर आठवड्याला पाहावं लागतं. कंबरेच्या काळ्या करदोट्यालाही हेच लागू. तो बांधून विसरला जातो आणि पोट वाढतं. करदोटा रोज आंघोळीच्या वेळी बोटाने फिरवून पाहा.

मनगटी उतरवल्यावर तीट लावायची असेल तर कानामागे किंवा कपाळाच्या कडेला, बाळाचा हात सहज पोचत नाही तिथे. काजळ दिव्याच्या काजळीचं असावं. बाजारातला सुरमा वापरू नका, पुष्कळदा त्यात शिसं असतं. डोळ्यांत तर काहीच घालायचं नाही.

बाळ पेंगायला लागलं की मनगटी उतरवा, झोप लागल्यावर नको. झोपलेल्या बाळाला हलवायला जीव होत नाही आणि मग "राहू दे आजच्या दिवस" होतं.

## ८. मनगटी तुटली तर

"मण्यावर गेलं" असं म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. तुम्ही मात्र हा क्रम पाळा.

१. बाळाला उचला आणि तोंडात पाहा. मणी दिसला तरच चिमटीने काढा. दिसत नसताना आत बोट घालून चाचपू नका, मणी आणखी खाली ढकलला जातो.

२. बाळ खोकतंय, रडतंय, म्हणजे श्वास सुरू आहे. त्याला खोकू द्या, पाणी पाजू नका, पालथं करून लटकवू नका.

३. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. एक वर्षाखालचं बाळ असेल तर हाताच्या पुढच्या भागावर, मांडीच्या आधाराने, डोकं खाली करून पालथं धरा आणि तळव्याच्या टाचेने दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळव्याच्या टाचेने पाच वेळा दाबा. मणी बाहेर येईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. बाळ निपचित पडलं तर फोनवरच्या माणसाच्या सूचनेप्रमाणे पुढचं करा. ही कृती बारशाआधीच डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हात बसत नाही.

४. बाळ ठीक असेल तर मणी गोळा करा आणि चिठ्ठीतल्या आकड्याशी ताडा. एक जरी कमी भरला आणि घरात सापडला नाही, तर बाळ हसतंखेळतं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. उरलेला एक मणी सोबत न्या, म्हणजे आकार आणि पदार्थ त्यांना कळेल.

## ९. धुणं, ठेवणं, पुन्हा ओवणं

वापरात असेल तर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून लगेच काढा, चोळा, साध्या पाण्यातून काढा आणि पंख्याखाली लोंबकळत वाळवा. लाखेचा मणी असेल तर बुडवणंही नको, ओल्या फडक्याने पुसा. पट्टीच्या घडीत ओल राहते, तिथे नाक लावून पाहा. कुबट वास आला तर पट्टी बदला.

चांदीचे मणी काळे पडले म्हणून घाबरू नका. हवेतल्या आणि घामातल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. "मण्याने दृष्ट ओढून घेतली" असं म्हणतात, पण कपाटात पडून राहिलेली चांदीही तशीच काळी होते. मऊ फडक्याने पुसून काळेपणा गेला नाही, तर मनगटी उसवून फक्त चांदीचे मणी बाजूला काढा. वाडग्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर मणी ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि गरम पाणी ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. पोवळं, मोती, लाखेचे मणी या वाडग्यात घालायचे नाहीत. चांदी उजळायची बाजारातली द्रावणं बाळाच्या दागिन्याला लावू नका.

दोरा दर तीन महिन्यांनी बदला, चांगला दिसत असला तरी. मी दर वेळी पहिल्या गाठीपासून सगळं उसवते, मणी पुन्हा पांढऱ्या रुमालावर चोळते, माप घेते, तांदळाची पिशवी टांगते.

बाळाच्या हातून मनगट्या कायमच्या उतरल्या की काही जण त्या नदीत सोडतात. काच आणि नायलॉन पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोडू नका. दोरा कापून कचऱ्यात टाका. मणी धुऊन, वाळवून, छोट्या डबीत घाला आणि डबी बाळाच्या पहिल्या झबल्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. पुढच्या बाळाला जुने मणी चालतात, जुना दोरा नाही. डबीत आकड्याची चिठ्ठीही ठेवा.